स्टीमपंक टेरॅरियम : अलंकार, कार्य आणि औचित्य

१

अलंकार हा वस्तूच्या कार्याशी कोणत्या नात्याने जोडलेला असावा, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी विचारला आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात त्याचे उत्तर देताना अलंकाराचे अलंकारत्व त्याच्या स्थानावर अवलंबून ठेवले. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घालणाऱ्याच्या पदरी शोभेऐवजी हसे येते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. हा निकष काव्यासाठी सांगितला गेला असला तरी तो काव्यापुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. जेथे म्हणून एखादे रूप एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवले जाते, तेथे तेथे तो उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखात तो वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या एका आधुनिक कलाप्रकाराला लावून पाहावयाचा आहे. तो प्रकार म्हणजे व्हिक्टोरियन यंत्रयुगाच्या धर्तीवर सजविलेली काचपात्रातील बाग, अर्थात स्टीमपंक टेरॅरियम.

या वस्तूचे सर्वसाधारण रूप पुढीलप्रमाणे असते. घंटेच्या आकाराचे अथवा बहुकोनी असे एक काचपात्र घेतात. त्याच्या तळाशी खडी, कोळसा व माती यांचे थर देऊन त्यांत शेवाळ, लहान नेचे किंवा मांसल पानांची रोपे लावतात. पात्राला पितळी चौकट बसवितात. आत किंवा बाहेर जुन्या घड्याळांची दंतचक्रे, तांब्याच्या नळ्या, दाबमापकाची तबकडी, क्वचित पिवळसर उजेडाचा एखादा दिवा यांची योजना करतात. ही चक्रे फिरत नाहीत, नळ्यांतून काही वाहत नाही आणि तबकडीवरील काटा कोणताही दाब दाखवीत नाही. पाहणाऱ्याच्या मनात मात्र एका विशिष्ट काळाची, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) इंग्लंडची प्रतिमा उभी राहते. ही प्रतिमा कितपत खरी आहे आणि तिच्यासाठी वस्तूला कोणती किंमत मोजावी लागते, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय होय.

२

प्रथम नावांचा विचार करणे सोयीचे होईल, कारण वस्तूच्या स्वरूपाविषयी नावे पुष्कळदा वस्तूच्या निर्मात्यांहून अधिक बोलतात.

‘टेरॅरियम’ हा शब्द ‘अ‍ॅक्वेरियम’ या शब्दाच्या सादृश्याने घडला. लॅटिनमध्ये ‘आरियम’ हा प्रत्यय स्थानवाचक आहे. ‘अ‍ॅक्वेरियम’ म्हणजे मुळात गुरांना पाणी पाजण्याची जागा. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या १८५४ मधील ग्रंथाने त्या शब्दाला जलचरांच्या काचपेटीचा अर्थ रूढ करून दिला. पुढे ‘जल’वाचक पद काढून त्याच्या जागी ‘भूमी’वाचक पद बसविले गेले आणि ‘टेरॅरियम’ सिद्ध झाले. येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीने अ‍ॅक्वेरियमला ‘मत्स्यालय’ म्हटले, म्हणजे आत राहणाऱ्या प्राण्यावरून नाव दिले. लॅटिन शब्दाने मात्र ज्या माध्यमामुळे तो प्राणी जगतो त्या माध्यमाचे नाव घेतले. ‘टेरॅरियम’ हे नावही वनस्पतीकडे बोट न दाखविता मातीकडे दाखविते. काचेच्या आतील व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचे असे जे आहे, ते या नावात सुरक्षित राहिले आहे.

‘स्टीमपंक’ या शब्दाची कथा निराळी आहे. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकाराने १९८७ मध्ये ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात, टिम पॉवर्स, जेम्स ब्लेलॉक आणि स्वतः तो यांच्या व्हिक्टोरियन पार्श्वभूमीवरील अद्‍भुत कादंबऱ्यांना एखादे सामायिक नाव हवे, म्हणून हा शब्द काहीशा थट्टेने सुचविला. त्या वेळी ‘सायबरपंक’ हा शब्द प्रचारात होता. त्यातील पूर्वपद बदलून वाफेचा वाचक शब्द तेथे बसविण्यात आला. म्हणजे टेरॅरियम आणि स्टीमपंक ही दोन्ही नावे एकाच रीतीने, पूर्वपद बदलून, सिद्ध झाली आहेत. फरक असा की पहिल्या नावातील उत्तरपद आपला अर्थ शाबूत ठेवून आहे. दुसऱ्यातील ‘पंक’ या पदाचा बंडखोरीचा अर्थ, शब्द सजावटीच्या दुकानापर्यंत पोहोचेतो, झिजून गेला आहे.

राहता राहिली ‘स्टीम’, म्हणजे वाफ. मराठी ‘वाफ’ हा शब्द संस्कृत ‘बाष्प’ या शब्दापासून प्राकृतमार्गे आला. ‘बाष्प’ या शब्दाचे संस्कृतात दोन अर्थ आहेत : एक वाफ, आणि दुसरा अश्रू. उष्णतेने वर जाणारे आणि थेंब होऊन खाली ओघळणारे, अशा पाण्याच्या दोन्ही अवस्था या एकाच शब्दाने सांगितल्या. टेरॅरियमच्या काचेवर आतून जमणारे दंव या शब्दाच्या दोन्ही अर्थांना एकत्र आणते. या निरीक्षणाचा उपयोग पुढे होईल.

३

बंद काचेतील बागेचा इतिहास १८२९ मध्ये सुरू होतो. लंडनच्या पूर्व भागातील वेलक्लोज चौकात राहणारे नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) हे व्यवसायाने वैद्य होते. अंगणात नेचे वाढविण्याचे त्यांचे प्रयत्न कोळशाच्या धुराने फसले होते. त्याच सुमारास त्यांनी पतंगाचा एक कोश ओलसर मातीसह रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवून तिला झाकण लावले. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताचे पाते उगवले. दिवसा मातीतील ओलावा वर जाई, काचेवर थेंब धरी आणि पुन्हा मातीत उतरे. बाहेरून पाणी न घालता ही रोपे जवळजवळ चार वर्षे जगली.

त्या रोपांचा शेवट कसा झाला, याकडे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्ष दिले पाहिजे. वॉर्ड घरी नसताना बाटलीचे धातूचे झाकण गंजले, त्यातून पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे मेली. ही हकीकत त्यांनी स्वतः नमूद केली आहे. टेरॅरियमच्या इतिहासातील पहिल्या बागेचा अंत गंजलेल्या धातूने केला, ही गोष्ट आज काचपात्रात लोखंडी चक्रे ठेवणाऱ्यांच्या कानी गेलेली दिसत नाही.

वॉर्ड यांच्या प्रयोगाचे फलित दोन प्रकारचे झाले. एक घरगुती. १८४५ मध्ये इंग्लंडमधील काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि नक्षीदार काचपेट्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत शिरल्या. नेचे गोळा करण्याचा छंद इतका वाढला की चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये त्याला ‘टेरिडोमेनिया’, म्हणजे नेच्यांचे वेड, असे नाव दिले. या वेडापायी काही दुर्मीळ नेचे त्यांच्या मूळ ठिकाणी आणखी दुर्मीळ झाले. स्टीमपंक शैली ज्या व्हिक्टोरियन काळाचे स्मरण करते तो हा दिवाणखान्यातील काळ होय.

दुसरे फलित जागतिक स्वरूपाचे होते. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी रोपांनी भरलेल्या दोन पेट्या जहाजाने सिडनीला धाडल्या आणि अनेक महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यांतील रोपे जिवंत पोहोचली. समुद्राचे खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे जी वाहतूक दुष्कर होती ती या साध्या पेटीने सुकर केली. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधील चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून १८५१ च्या सुमारास हिंदुस्थानात आणली. १८६० नंतर दक्षिण अमेरिकेतील सिंकोना याच मार्गाने निलगिरीत आला. महाराष्ट्रात महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथेही सिंकोनाची लागवड करून पाहण्यात आली. ती यशस्वी झाली नाही. तात्पर्य, व्हिक्टोरियन काळात काचेची ही पेटी सत्तेचे एक काम करणारे साधन होते. तिच्या अंगावर एकही दंतचक्र नव्हते. लाकूड, काच, माती आणि पाणी एवढ्यांनीच तिने एका खंडातील पीक दुसऱ्या खंडात नेले.

यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, टेरॅरियम हे स्वतःच एक व्हिक्टोरियन यंत्र आहे. त्यातील इंधन सूर्यप्रकाश, त्यातील गती बाष्पाची. वाफेच्या नावाने ओळखली जाणारी शैली काचेवरील खऱ्या वाफेकडे पाठ फिरवते आणि न फिरणाऱ्या चक्रांतून वाफेचा आभास निर्माण करू पाहते. यंत्राला यंत्राचे चित्र चिकटविण्यासारखे हे आहे.

४

औचित्याचा प्रश्न येथे केवळ रुचीचा राहत नाही, तो द्रव्याचाही होतो. बंद काचपात्रातील हवा सदैव दमट असते. अशा हवेत लोखंड गंजते व पितळेवर हिरवट थर चढतो. पितळेत तांबे असते आणि ओलाव्याने त्याचे क्षार हळूहळू सुटतात. तांब्याच्या क्षारांचा गुण विदर्भातील संत्र्याच्या बागाईतदाराला सांगण्याची गरज नाही. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण तो बुरशीजन्य रोगांवर वापरतो. ज्या गुणामुळे तांबे बुरशीला मारते त्याच गुणामुळे ते शेवाळाला जाचक ठरते. शेवाळाला खरी मुळे नसतात. ते सर्वांगाने पाणी शोषते आणि पाण्याबरोबर जे येईल तेही शोषते. म्हणून जाणते कारागीर चक्रांवर पारदर्शक लेप देतात किंवा धातूचा रंग दिलेली कृत्रिम चक्रे वापरतात. पहिल्या उपायात धातूचा बागेशी संबंध येऊ नये म्हणून धडपड आहे आणि दुसऱ्यात धातूच नाही. दोन्ही उपायांत अलंकार आणि वस्तू यांचे वैर गृहीत धरलेले आहे.

वनस्पतींच्या निवडीतही असाच विसंवाद दिसतो. मांसल पानांची रोपे आणि निवडुंग यांचा आकार यांत्रिक सजावटीशी जुळतो, म्हणून ती बंद पात्रात लावली जातात. ही रोपे कोरड्या प्रदेशांतील आहेत. बंद काचेच्या ओलाव्यात ती कुजतात. येथे आकाराने निवड केली आणि स्वभाव विचारला नाही.

भाषेच्या दृष्टीने पाहिले असता एकट्या दंतचक्राची स्थिती अधिक स्पष्ट होते. दंतचक्राचा अर्थ त्याच्या दात्यांत नसून दुसऱ्या चक्राच्या दात्यांशी होणाऱ्या त्याच्या संयोगात आहे. ‘प्र’ हा उपसर्ग एकटा उच्चारला तर काहीच सांगत नाही. धातूशी जोडला की ‘प्रहार’, ‘प्रवाह’ अशी अर्थाची गती उत्पन्न होते. कोणत्याही चक्रात न अडकलेले चक्र धातूवाचून राहिलेल्या उपसर्गासारखे असते. त्याचा ध्वनी ओळखीचा असतो, पण वाक्य सिद्ध होत नाही.

५

या शैलीच्या बाजूने जे म्हणता येते ते टाळणे न्याय्य होणार नाही. तिचे समर्थक असे म्हणतात की आजची उपकरणे आपले अंतरंग लपवितात. ती उघडता येत नाहीत, दुरुस्त करता येत नाहीत आणि त्यांचे कार्य कसे चालते हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही. याउलट वाफेच्या इंजिनाचा दांडा, चाक आणि झडप उघड्यावर असत. पाहणारा कार्यकारणभाव डोळ्यांनी वाचू शके. स्टीमपंक ही त्या वाचनीयतेची ओढ आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात वाफेच्या इंजिनासमोर उभ्या राहणाऱ्या मुलाला जे समजते ते बंद डब्यातील विद्युत्-यंत्रासमोर समजत नाही. परंतु हाच निकष प्रामाणिकपणे लावला तर काचेवर चिकटविलेले चक्र त्यात उतरत नाही. ते दिसते, पण कशाचेच कारण नसते. दृश्यतेचे तत्त्व मान्य करावयाचे तर टेरॅरियममध्ये दिसले पाहिजेत ते मातीचे थर, मुळांची दिशा आणि काचेवरील थेंब.

दुसरे समर्थन कल्पनास्वातंत्र्याचे आहे. इतिहास जसा घडला तसा न घडता निराळा घडला असता, असे कल्पिण्याचा हक्क साहित्याला आहे आणि त्या हक्काची परंपरा जुनी आहे. ज्यूल व्हर्न यांनी १८८० मध्ये ‘वाफेचे घर’ या आशयाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली. तीत वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती प्रवाशांची घरे ओढीत हिंदुस्थानातून प्रवास करतो आणि कथेतील प्रतिपक्ष म्हणून १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवे उभे केलेले आहेत. पुढे स्टीमपंक म्हणून ओळखल्या गेलेल्या कल्पनाविश्वाचा एक आद्य नमुना असा मराठी इतिहासाच्या अंगावरूनच गेला. त्या हत्तीच्या सोंडेतून निघणारा धूर फ्रेंच वाचकाला अद्‍भुत वाटला असेल. मराठी वाचकाला त्या धुरामागे कानपूर आणि बिठूर दिसल्यावाचून राहत नाही. कल्पनेचे स्वातंत्र्य मान्य केले तरी ती कोणाच्या बाजूने कल्पिली गेली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

६

हा प्रश्न नागपुरात अधिक मूर्त होतो, कारण व्हिक्टोरियन यंत्रयुग हे या शहराच्या दृष्टीने दूरच्या देशाचे चित्र नाही. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीच्या धोरणानुसार नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग येथे पोहोचला. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही ज्या दिवशी दिल्ली दरबारात फिरली त्याच दिवशी, जमशेटजी टाटा यांची कापडगिरणी येथे सुरू झाली. ‘एम्प्रेस’ हे तिचे नाव त्या घोषणेवरूनच पडले. ती गिरणी आता नाही. तिच्या जागेवर तेच नाव धारण करणारे विक्रीसंकुल उभे आहे. कार्य संपून नाम उरावे, याचे हे शहरातील ठळक उदाहरण होय.

या गिरणीच्या इतिहासातील एक तपशील टेरॅरियमच्या विचाराशी थेट जोडलेला आहे. जमशेटजींनी तेथे हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविली. कोरड्या हवेत सुताचा धागा तुटतो, दमट हवेत तो टिकतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूतकताईसाठी बंद दालनात बाष्प कोंडून धरणे आवश्यक होते. दिवाणखान्यातील नेच्यासाठी लंडनमध्ये जे तत्त्व वापरले गेले तेच येथे सुतासाठी वापरले गेले. परंतु कोंडलेली दमट उष्णता धाग्याला मानवते तशी माणसाच्या अंगाला मानवत नाही. घाम वाळत नाही आणि शरीराचा ताप उतरत नाही. व्हिक्टोरियन काचपेटी आतील जिवाच्या हितासाठी बंद होती. गिरणीच्या दालनात मात्र आत दोन जीवनक्रम होते, सुताचा आणि मजुराचा, आणि बाष्पाची मात्रा पहिल्याच्या गरजेने ठरत होती.

त्याच काळातील दुसरे एक यंत्र भाषाभ्यासकाच्या परिचयाचे आहे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘थर्मॅन्टिडोट’ हा शब्द नोंदविलेला आहे. ‘उष्णतेवरील उतारा’ अशा अर्थाचा हा ग्रीक धाटणीचा शब्द हिंदुस्थानातील इंग्रजांनी वापरात आणला. धान्य उफणण्याच्या पंख्यासारखे हे यंत्र खिडकीत बसवीत, त्याभोवती वाळ्याच्या ओल्या ताट्या लावीत आणि त्यातून गार वारा घरात ढकलीत. हे यंत्र वाफेवर चालत नसे. त्याचे चाक माणूस हाताने फिरवी. हिंदुस्थानातील व्हिक्टोरियन सुखसोयींमागे वाफ थोडी आणि हात फार होते. स्टीमपंक सजावटीत चक्रे असतात, नळ्या असतात; चाक फिरविणारा हात नसतो. त्या शैलीतील सर्वांत मोठे मौन हेच होय.

त्याखेरीज हवामानाचा मुद्दा आहेच. वॉर्ड यांची पेटी थंड, धुरकट शहरासाठी होती. तिचे काम ऊब आणि ओल राखण्याचे. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते अशा नागपुरात उन्हात ठेवलेले बंद काचपात्र अल्पकाळात रोपांना शिजविते. येथील परंपरेने उष्णतेवर शोधलेला उपाय नेमका उलट दिशेचा आहे. वाळ्याची ताटी आणि तिचा आजचा वारस असलेला कूलर बाष्पाला वाट करून देतात. पाणी उडून जाते आणि जाताना हवेतील उष्णता नेते. एक यंत्र बाष्प राखून जगविते, दुसरे बाष्प सोडून जगविते. घराघरांच्या खिडक्यांत लागणाऱ्या कूलरचा पंखा, पाणी चढविणारा लहान पंप आणि ठिबकणारी जाळी ही सर्व अंगे उघडी असतात आणि प्रत्येक अंग काम करीत असते. दृश्य यंत्राची ओढ असलेल्या रसिकाला या शहरात विषयाची उणीव भासू नये.

७

वरील विवेचनाचा अर्थ हा कलाप्रकारच त्याज्य आहे असा नाही. औचित्याचा निकष जसा नकार देतो तसा मार्गही दाखवितो. काचपात्राचे झाकण उघडून वारा देणारी पितळी बिजागरी, आतील आर्द्रता खरोखर दाखविणारी तबकडी, हाताने फिरविले असता छत वर उचलणारी दंतचक्रांची जोडी, आणि ही सर्व पात्राच्या बाहेर, ओलाव्यापासून दूर बसविलेली : अशा रचनेत व्हिक्टोरियन आठवण आणि वनस्पतींचे जीवन यांचे वैर उरत नाही. तिची दंतचक्रे एकमेकांत अडकलेली असतील आणि त्यांना फिरविणाऱ्या हातासाठी तिने जागा ठेवलेली असेल. नागपूरच्या कारागिराने ती केली तर नेच्यांची निवड, सावलीची जागा आणि उन्हाळ्यातील मोकळा वारा यांचाही विचार तिच्यात येईल.

उसनवारीचा हा प्रश्न अखेर भाषेच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून भारतीय भाषांसाठी सहस्रावधी पारिभाषिक शब्द घडविले. त्यांतील काही शब्द रुळले आणि पुष्कळ कोशातच राहिले. व्युत्पत्तीची शुद्धता अनेकांपाशी होती. जे शब्द लोकांच्या वाक्यांत कामाला लागले ते टिकले. परकी रूपे घेण्यास हरकत नसावी. ‘वाफेचे इंजिन’ हा प्रयोग मराठीने अर्धा आपला, अर्धा परका असाच घेतला आणि तो सुखाने नांदला. हरकत आहे ती रूप घेऊन कार्य मागे ठेवण्याला. आजच्या बहुसंख्य स्टीमपंक टेरॅरियमांत रूप आले आहे. कार्य मात्र त्या रूपाच्या आड, काचेच्या आतल्या बाजूस, थेंबांच्या रूपाने मुकाट चालू आहे. चिकित्सकाने आणि कारागिराने प्रथम तेथे पाहावयास हवे.